आठ महिन्यांचं 'नाही' आणि एक 'होय'

हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या. एकदा मी सांगायला लागलो की मधे हसलेलं मला चालत नाही. गोष्ट माझ्याच मूर्खपणाची आहे. ती मी स्वतः सांगतोय, कारण मी नाही सांगितली तर आमचे शेजारी बबनराव सांगतील, आणि त्यांच्या सांगण्यात मी आणखी मूर्ख निघतो.

आधी एक लक्षात ठेवा, मी भित्रा माणूस नाही. ओसरीत निघालेला साप मी काठीनं बाहेर काढलाय. पाण्याच्या टँकरवर हमरीतुमरीवर आलेलं गाव मी एकट्यानं रांगेत उभं केलंय. पण कशाला तरी परवानगी द्या, इथं सही करा, असं कुणी म्हटलं की मी चार हात लांब सरकतो.

का? अहो, तीस वर्षं ग्रामसेवक होतो मी. नोकरीच्या दुसऱ्याच वर्षी आमच्या एका सोबत्यानं, एसटी सुटायला आलीय म्हणून, न वाचता एका कागदावर सही ठोकली. पुढं चार वर्षं बिचारा चौकशीच्या चकरा मारत होता. त्याचं तेव्हाचं तोंड मी बघितलंय. तेव्हापासून माझा नियम ठरला. कोण मागतंय, कशासाठी मागतंय, जावक क्रमांक काय, तारीख काय, शिक्का कुठाय, हे सगळं दिसल्याशिवाय माझ्या पेनाचं टोपण निघायचं नाही. माझ्या माघारी लोक मला काय म्हणायचे ते मला माहीत आहे. पण तीस वर्षांत माझ्यावर एक चौकशी लागली नाही, हेही लिहून घ्या.

निवृत्त झालो आणि जावयानं घरी कॉम्प्युटर आणून दिला, वेळ जावा म्हणून. वेळ चांगला जायचा. पेपर वाचायचा, जुनी भजनं ऐकायची, दाखले स्कॅन करून ठेवायचे. एके दिवशी भजन ऐकत बसलोय, आणि अचानक सगळा पडदा अंधारला. मधोमध एक पेटी उगवली. इंग्रजीत विचारत होती, या ॲपला तुमच्या यंत्रात बदल करू देता का? खाली दोन चौकोन. होय आणि नाही.

मला सांगा, भल्या माणसाला असं अंधार करून कुणी परवानगी मागतं का? ना अर्ज, ना जावक क्रमांक, ना शिक्का. खाली कुठल्याशा कंपनीचं नाव होतं, पण नाव काय कुणीही लिहील. मी 'नाही' दाबलं. पुढं अर्धा तास मशीनला हात मात्र लावला नाही.

आठवड्यानं पेटी पुन्हा आली. पुन्हा 'नाही'. मग मी एक वही घातली. तारीख, वेळ, मागणी, शेरा. शेऱ्यात प्रत्येक वेळी एकच शब्द, 'नाकारले'. पुढं पुढं पेटी आठवड्यातून दोनदा यायला लागली, आणि आठ महिन्यांत छप्पन्न नोंदी झाल्या. आमची सुमन, म्हणजे माझी बायको, एकदा म्हणाली, "अहो, एवढं मागतंय तर द्या की एखाद्या वेळेस. न्हायतर कुणाला तरी इचारा तरी." मी तिला सांगितलं, "सही केलेला अडकतो. नाकारलेला कधी अडकत नसतो."

हे वाक्य मी मोठ्या तोऱ्यात बोललो होतो.

आता आमच्या ज्योतीचं सांगतो, कारण खरा जीव तिच्यात अडकला होता. ज्योती आमची एकुलती एक मुलगी. मुरूमला शाळेत शिक्षिका. जावई मात्र इथं भूमला नोकरीला. मुरूम जिल्ह्याच्या त्या टोकाला, भूम या टोकाला. एसटी दोनदा बदलायची, पाच-सहा तास जायचे. सहा वर्षं नवरा इकडं, बायको तिकडं, आणि चार वर्षांची नात परी आईजवळ. व्हिडिओ कॉलवर एकदा पोरीनं मला विचारलं, "आजोबा, तुम्ही मोबाईलमधून बाहेर कधी येणार?" त्या दिवशी मला जेवण गेलं नाही.

यंदा बदलीचे ऑनलाइन फॉर्म निघाले. नवरा-बायकोला जवळ आणायची सोय त्यात असते. सात कागद लागत होते. लग्नाचा दाखला, जावयाच्या ऑफिसचं प्रमाणपत्र, दोन गावांतल्या अंतराचा दाखला, असे. सातही मी घरी स्कॅन करून एका फोल्डरात ठेवले होते. त्यातल्या दोन कागदांच्या मूळ प्रती शिक्षण खात्यात जमा झाल्या होत्या. म्हणजे त्या दोन कागदांचं आता आमच्याकडं जे काय होतं, ते त्या फोल्डरातच.

ज्योती म्हणाली, "अण्णा, मला मेल करा. मी इथूनच भरते."

मी म्हणालो, "असले कागद वाऱ्यावर सोडत नसतात. तू ये, समोर बसून भर."

झालं. तिला रजा मिळेमिळेपर्यंत शेवटचा दिवस उजाडला. मुदत संध्याकाळी सहापर्यंत. ही संधी हुकली की पुढची कधी, ते कुणीच सांगू शकत नव्हतं. सकाळी सातला मुरूमच्या स्टँडवरून तिचा फोन आला. "अण्णा, निघालोय आम्ही. एकपर्यंत पोचतो. फक्त मशीन चालू करून ठेवा. बाकी कशाला हात लावू नका."

बाकी कशाला हात लावू नका, असं निवृत्त माणसाला कधी सांगू नये. अकरापर्यंत मी कसाबसा दम धरला. सुमन बाजारला गेली होती. म्हटलं, ते पोर्टल जरा उघडून तर ठेवू, पोरीचा तेवढाच वेळ वाचेल. नाव टाकून शोधलं, आणि पहिली जी ओळ आली तिच्यावर दाबलं.

पडदा लाल झाला. पूर्ण लाल. आणि भोंगा वाजायला लागला.

मी खुर्चीतून उठून उभाच राहिलो. पडद्यावर मोडक्यातोडक्या मराठीत लिहिलं होतं, 'शेवटची सूचना. आपल्या संगणकाने अपडेट वारंवार नाकारले आहे. तीस मिनिटांत सर्व फाईल कुलूपबंद होतील. खालील क्रमांकावर तात्काळ संपर्क करावा.' वर गोल शिक्का. उजव्या कोपऱ्यात जावक क्रमांक, त्यात तीन आडव्या रेघा. त्याखाली तारीख, आजचीच. आणि तळाला सही.

आता माझी हालत समजून घ्या. माझ्या डोळ्यांपुढं ती छप्पन्न नोंदींची वही आली. 'वारंवार नाकारले.' म्हणजे त्यांना सगळं कळलं होतं. मी नाकारत गेलो, ते तिकडं मोजत गेले, आणि आता ही कारणे दाखवा नोटीस आली. तीस वर्षं नोकरीत जी चुकवली, ती निवृत्तीनंतर घरात येऊन उभी राहिली. आणि जप्ती कशावर? माझ्या पोरीच्या फोल्डरावर. ज्योती एसटीत बसून परीला मांडीवर घेऊन येतेय, आणि इकडं बापानं सहा वर्षांची वाट बंद करून ठेवलीय.

तुम्ही काय केलं असतं? पान बंद केलं असतं. मी काय केलं? मी पंच बोलावले.

हसलात ना? म्हटलं होतं की नाही, मधे हसायचं नाही.

अहो, तीस वर्षांची सवय. विहीर ढासळली, झाड पडलं, भिंत खचली, की पहिला पंचनामा. भिंतीवरून हाक मारली तसे शेजारचे बबनराव हातातला पेपर तसाच घेऊन आले. एसटीत ड्रायव्हर होते, आता माझ्यासारखेच रिकामे. लाल पडदा बघून तेही दोन पावलं मागं सरकले.

"भाऊसाहेब, हे काय पेटलंय व्हय?"

"पेटलं न्हाय. नोटीस आलीय. बसा, लिहून घेऊ."

आणि मी लिहिलं. तो कागद अजून आहे माझ्याकडं. 'आम्ही खाली सही करणार पंच समक्ष हजर राहून लिहून देतो की, आज रोजी सकाळी अकरा वाजून दहा मिनिटांनी राहते घरी टेबलावर एक संगणक चालू स्थितीत, तोंड उत्तरेस, लाल उजेड व भोंग्याचा आवाज करीत आढळून आला. संगणकास बाहेरून इजा दिसून आली नाही.' बबनरावांनी सही केली. तिसातली आठ मिनिटं यात गेली.

मग पडद्यावरच्या नंबरला फोन लावला. घाईत दोनदा चुकला. तिसऱ्यांदा लागला. पलीकडून हिंदीत एक गोड आवाज आला. "नमस्ते सर, आप बिल्कुल चिंता मत कीजिए."

मी काही कच्चा नाही. आधी नाव विचारलं. सांगितलं. हुद्दा विचारला. सीनियर टेक्निकल ऑफिसर. ओळखपत्राचा नंबर विचारला. त्या माणसानं न अडखळता नऊ आकडे सांगितले. मी लिहून घेतले. तीस वर्षांत कुठल्याही साहेबानं मला आपला नंबर असा मागितल्याबरोबर सांगितला नव्हता. माझा निम्मा विश्वास तिथंच बसला.

उरलेला निम्मा पुढच्या वाक्याला बसला. मी तोंडी खुलासा दिला, "साहब, मेरे से गलती हुई. छप्पन बार नकार दिया." तर ते म्हणाले, "कोई बात नहीं सर, हो जाता है." साहेबाच्या तोंडून 'कोई बात नहीं' मी जन्मात पहिल्यांदा ऐकत होतो. भीतीनं आधीच रडकुंडीला आलेलो, आता खरंच डोळ्यांत पाणी आलं.

साहेबांनी एक ॲप उतरवायला सांगितलं. उतरवलं. त्यावर दाबायला सांगितलं. दाबलं. आणि पडदा अंधारला. तीच ती पेटी. होय आणि नाही.

बबनराव चष्मा कपाळावरून नाकावर घेत पुढं वाकले. "भाऊसाहेब, हितं पिवळ्यात लिवलंय. पब्लिशर अननोन. म्हंजी?"

"म्हंजी कुणी केलंय ते माहीत न्हाय."

"मग?"

"मग काय मग? साहेब फोनवर हायेत की. नाव सांगितलंय, नंबर सांगितलाय. माहीत न्हाय कसं?"

"मी आपलं इचारलं. आमच्या डेपोत बिननंबराची गाडी फाटकातून आत सोडत नव्हते."

असं म्हणाला हो तो माणूस. पंच म्हणून बोलावलेला, पेपर वाचून दिवस काढणारा माणूस. आणि मी, जावक क्रमांक बघितल्याशिवाय टोपण न काढणारा, मी त्याला म्हणालो, "बबनराव, तुम्हाला यातलं कळत न्हाय." आणि आठ महिन्यांत पहिल्यांदा 'होय' दाबलं.

भोंगा थांबला. लाल रंग गेला. साहेब म्हणाले, "अब आप माउस को हाथ मत लगाइए. और सर, घर में किसी को बताइए मत, प्रोसेस चल रही है." मी दोन्ही हात मांडीवर ठेवून बसलो.

आणि माउसचा बाण आपोआप हलायला लागला.

तो हलत होता ते सांगताना अजून अंगावर काटा येतो. माझा हात मांडीवर, टेबलावरचा माउस जागच्या जागी, आणि पडद्यावरचा बाण सरसर चाललाय. आधी एक फोल्डर उघडलं, बंद केलं. मग दुसरं. रानात नवखा माणूस शिरला की तो कसा वाट चाचपत जातो, तसं नव्हतं ते. हा पायाखालची वाट असल्यासारखा चालला होता. मग तो 'ज्योती बदली' या फोल्डरावर येऊन थांबला, आणि ते उघडलं.

बबनराव माझ्याकडं बघतायत, मी बाणाकडं बघतोय. एवढ्यात दारात सुमन. हातात बाजारची पिशवी, पिशवीतून मेथीची जुडी बाहेर आलेली.

"बाण कोण हलवतंय?"

"साहेब."

"कुठले साहेब?"

"तू बोलू नको. घरात कुणाला सांगायचं न्हाय असं साहेबांनी सांगितलंय."

सुमननं पिशवी खाली ठेवली. "घरातल्यांना सांगू नका म्हणणारा साहेब कसला? तो चोर हाय, चोर." आणि तिनं सरळ कॉम्प्युटरचं बटण भिंतीवर बंद केलं. पण खाली यूपीएस होता. तो टीक टीक करायला लागला आणि मशीन तशीच चालू राहिली. बाण अजून हलत होता. मी ओरडलो, "मधी तोडू नको, फायली जातील." ती ऐकते कुठं? पॅसेजमध्ये गेली आणि घराचा मेन स्विचच खाली ओढला. पंखा थांबला, इंटरनेटचा डबा विझला, आणि बाण जागच्या जागी मेला. त्यानंतर मशीन बंद करायचं मोठं बटणही तिनंच दाबून धरलं.

फोनवर साहेब म्हणत होते, "सर, इंटरनेट चालू कीजिए, नहीं तो सब डिलीट हो जाएगा." सुमननं फोन माझ्या हातातून काढून घेतला. "कायका साहेब रे तू? घरवालों को मत बताओ बोलताय? रख फोन." साहेबांनी ठेवला.

त्यानंतरचा दीड तास मी विसरणार नाही. मशीन बंद. चालू करायची कुणाची छाती नाही. ते 'सब डिलीट' माझ्या कानात घोळत होतं. बबनराव हळूच म्हणाले, "पंचनाम्यात पुढचं लिवायचं का?" मी देवाला नवस बोलत होतो, आणि बोललेला नवस पुरेल की नाही या भीतीनं तो वाढवत होतो.

सव्वा वाजता ज्योती आली. एका हाताला परी, खांद्याला पिशवी. परी पळत येऊन माझ्या पायाला मिठी मारून उभी राहिली. मला तिला उचलायचं धाडस होईना. मी ज्योतीला सगळं सांगितलं. खुलासा नाही, कारण नाही, जसं झालं तसं.

तिनं ओरडावं, दोन शब्द बोलावेत, असं मला फार वाटत होतं. ती ओरडलीच नाही. पिशवी खाली ठेवली आणि एवढंच विचारलं, "कागद आहेत का गेले?"

"माहीत न्हाय गं."

तिनं डोळे मिटून घेतले. नोकरीत कुणासमोर मान खाली घातली नव्हती मी, ती त्या दुपारी माझ्या पोरीसमोर घातली.

मग तिनंच डोळे पुसले आणि रुखसाना मॅडमना फोन लावला. आमच्याच गल्लीच्या तोंडाला त्यांचा टायपिंगचा आणि कॉम्प्युटरचा क्लास आहे. ज्योती त्यांच्याकडंच शिकली. पन्नाशीची बाई, आवाज कधी चढत नाही. आल्या, पाणी मागितलं, पंचनामा वाचला. वाचताना त्यांच्या ओठाचा कोपरा हलला, पण बाईंनी स्वतःला आवरलं.

"काका, घाबरू नका. आधी एक करू. नेट लावायचं न्हाय, आणि मशीन चालू करायची."

मशीन चालू झाली. पडदा उजळायला एरवी दोन मिनिटं लागतात, त्या दिवशी त्या दोन मिनिटांत मी म्हातारा झालो. मॅडमनी फोल्डर उघडलं. ज्योती मोजायला लागली. एक, दोन, तीन. चारला जरा थांबली. पाच. सहा. सात.

सुमन भिंतीला टेकून खालीच बसली.

मॅडमनी सात कागद पेनड्राइव्हवर घेतले. चोराचं ॲप शोधून काढून टाकलं, मशीन तपासायला लावली, आणि म्हणाल्या, "आज या मशीनवर कुठलाच पासवर्ड टाकायचा न्हाय. मेलचे, बँकेचे पासवर्ड ज्योतीच्या मोबाईलवरून बदला. बँकेला पण फोन करून सांगा." तपासणी चालली जवळजवळ तीन तास. पेनड्राइव्ह तपासून स्वच्छ निघेपर्यंत तो घेऊन क्लासमध्ये जाता येत नव्हतं. घड्याळात दोन, मग तीन, मग साडेतीन. दर पाच मिनिटांनी मी मॅडमच्या तोंडाकडं बघायचो, आणि त्या माझ्या वहीत बघत होत्या.

"काका, ह्या छप्पन्न येळा न्हाय म्हणलात, त्यातल्या बहुतेक पेट्या खऱ्या व्हत्या. कंपनीचं नाव बी व्हतं म्हणता खाली. मशीनची दारं-खिडक्या दुरुस्त करायला आलेला सुतार तुमी आठ महिने दारातनं परत धाडला."

"आणि ती लाल?"

"ती पेटी नव्हतीच. ते नुसतं एक पान व्हतं, इंटरनेटवरचं. ते तुमच्या मशीनला काय बी करू शकत नव्हतं. एस्केप दाबून धरायचं, पान बंद करायचं, न्हायच झालं तर मशीन बंद करून टाकायची. खरी पेटी कधी भोंगा वाजवत न्हाय, काका, आणि कधी फोन करा म्हणत न्हाय. चोर आत आला तो तुमी 'होय' दाबल्यावर."

"पण शिक्का होता. जावक क्रमांक होता."

"चोरालाच लागतो हो शिक्का," मॅडम म्हणाल्या. पंच म्हणून बसलेल्या बबनरावांनी मान डोलावली.

मला रडावं की वाद घालावा कळेना. मी आपलं विचारलं, मग माणसानं ओळखायचं कसं? मॅडम म्हणाल्या, पेटी आली की हात मागं घ्यायचा आणि आधी आठवायचं, मी आत्ता काही उतरवलंय का, काही लावायला घेतलंय का? स्वतःहून घेतलं असेल आणि नाव ओळखीचं असेल तर होय. आपण काहीच केलं नसेल तर नाही म्हणायचं, आणि मग तिथंच न सोडता सेटिंगमध्ये स्वतः जाऊन बघायचं, खरंच अपडेट आलंय का. खरं असेल तर ते तिथं थांबलेलं असतंच. "आणि कळंना झालं तर मला हाक मारा," त्या म्हणाल्या, "पंचांना मारायच्या आधी."

पावणेपाचला पेनड्राइव्ह स्वच्छ निघाला. आम्ही सगळी वरात क्लासमध्ये गेलो. ज्योतीनं लॉगिन केलं आणि भरायला बसली. सव्वापाच झाले असतील, आणि तिथला पडदा अंधारला. पेटी. मी दोन पावलं मागं गेलो, खरं सांगतो. मॅडमनी शांतपणे वाचलं. "आपण आत्ता काय लावायला घेतलंय का? न्हाय. मग न्हाय. उद्या मी सेटिंगमध्ये बघते." 'नाही' दाबलं, पेटी गेली. एवढंच होतं ते. एवढ्याशा गोष्टीला मी आठ महिने घाबरत होतो.

साडेपाच. एकेक कागद चढत होता. पोर्टलवर शेवटच्या दिवशीची गर्दी, एक कागद चढायला तीन-चार मिनिटं. ज्योतीचं कपाळ घामानं भिजलेलं. परी माझ्या मांडीवर झोपून गेली होती, आणि मी तिच्या अंगावरून हातसुद्धा फिरवत नव्हतो, न जाणो काही बिघडेल. पाच पंचेचाळीसला सातवा कागद चढला. पुढचं पान आलं, आणि मधोमध एक चौकट उगवली. वरील माहिती खरी असून अर्ज अंतिम करण्यास आपली संमती आहे का? होय. नाही.

ज्योतीनं हात थांबवला. माझ्याकडं वळून बघितलं. दिवसभरात पहिल्यांदा ती हसली.

"अण्णा, या इकडं. तुमच्या हातानं होऊ द्या."

पोरीचं मन बघा. दिवसभर बापानं घाबरून तिच्या नशिबाचा खेळ केला, आणि ती त्याला मान देत होती. परीला सुमनच्या मांडीवर दिलं. खुर्चीत बसलो. माउस हातात घेतला. चौकट समोर. होय. नाही. सकाळचा तो बाण डोळ्यांपुढं आला. दुधानं तोंड पोळलं की माणूस ताकसुद्धा फुंकून पितो, हे तुम्हाला माहीत आहेच. मन म्हणत होतं होय, पण हाताला तीस वर्षांची सवय, वर छप्पन्न वेळांची.

मी 'नाही' दाबलं.

पडद्यावर पहिलं पान आलं. कोरं.

मॅडमनी माझ्या खुर्चीची पाठ धरली आणि मला खुर्चीसकट बाजूला सरकवलं, चाकं होती खुर्चीला. ज्योती उभ्या उभ्याच भरायला लागली. नशीब, चढवलेले कागद पोर्टलवर शिल्लक होते. नाव, शाळा, गाव, तारीख. मी भिंतीकडं तोंड करून बसलो होतो. पाच अठ्ठावन्नला मागून बबनरावांचा आवाज आला, "गेला बरं का भाऊसाहेब, फॉर्म गेला," आणि मग मला एकदम रडू फुटलं.

बदली झाली. भूमपासून पाच किलोमीटरवरच्या शाळेत. परी आता रोज संध्याकाळी येते. घरी कुणी पेढे घ्यायला आलं की हमखास म्हणतात, वडील जवळ होते म्हणून पोरीचं काम झालं. ज्योती हसून चहा ठेवायला जाते, आणि आतून म्हणते, "अण्णांनी मदत केली नसती, तर दोन वाजताच झालं असतं."